जुग फुटलं म्हणजे नक्की काय झालं?

कानात इअरफोन, हातात चहा, लोकलमध्ये चौथी सीट... जिथे असाल तिथून ऐका. आजचा एपिसोड एका शब्दाचा आहे. तो शब्द मी दोन वर्षं चुकीचा ऐकत होते.

माझं गाव मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या बाजूला. २ जानेवारी १९४३ ला वीर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इथेच हुतात्मा झाले, म्हणून दरवर्षी त्या दिवशी गडाच्या पायथ्याशी माणसं जमतात. मीही सुट्टी टाकून घरी जाते. आणि घरी गेलं की पहिली गोष्ट जाते ती रेंज. एक काडी दिसते, तीही अंगणात, पेरूच्या झाडाखाली.

आता थोडं ऑफिसबद्दल. आमच्या टीममध्ये इस्तंबूलचा एक मुलगा आहे. त्याने मला फोनवर बॅकगॅमन शिकवलं. चोवीस घरं, प्रत्येकाच्या पंधरा सोंगट्या, दोन फासे. आपल्या सगळ्या सोंगट्या आधी बाहेर काढेल तो जिंकला. पण मला खेळापेक्षा त्यातली भाषा आवडली. एकटी पडलेली सोंगटी म्हणजे ‘ब्लॉट’, म्हणजे अक्षरशः डाग. ती कधीही मारली जाऊ शकते. मारलेली सोंगटी पटावर परत आणता येत नसेल, नुसतेच फासे टाकत बसावं लागत असेल, तर तुम्ही ‘डान्स’ करताय. अचानक नशीब पालटवणारं दान पडलं की ‘जोकर’. समोरच्याने पैज दुप्पट केली आणि तुम्ही तिथल्या तिथे ती परत दुप्पट केलीत, तर त्याला म्हणतात ‘बीव्हर’. का, ते मला विचारू नका!

आणि हा मुलगा फासे टाकताना आकडे तुर्कीत म्हणत नाही, फारसीत म्हणतो. एक म्हणजे ‘येक’, पाच म्हणजे ‘पेंच’, सहा म्हणजे ‘शेश’. दोन सहा पडले की ओरडतो, ‘दु शेश!’ तिकडे सगळेच असं म्हणतात म्हणे. फासे टाकताना जुनी भाषा आपोआप तोंडात येते.

तर, त्या रात्री रेंज नाही, लाईट गेलेली. मी आजीला म्हटलं, सारीपाट काढ. ट्रंकेतून कापडी पट निघाला. अधिक चिन्हासारखा, चार पट्टे, एकेका पट्ट्यात तीन रांगा आणि प्रत्येक रांगेत आठ घरं. म्हणजे एका पट्ट्यात किती? चोवीस! मी मनात म्हटलं, अरे, हे तर ओळखीचं दिसतंय. सोळा सोंगट्या, चार रंग, तीन लांबट फासे. तुम्ही लॉकडाऊनमध्ये जो लुडो खेळलात ना, तो याच घराण्यातला. इंग्लंडमध्ये १८९६ साली त्याचं पेटंट निघालं, पण मूळ आपलं पचिसी.

आजी सोंगटीला मधूनच ‘नरद’ म्हणाली. मी उडालेच! कारण ‘नर्द’ हे बॅकगॅमनचं फारसी नाव. इस्तंबूलच्या पोराचा खेळ आमच्या ट्रंकेत शब्द होऊन पडला होता.

मग तिने फासे टाकले. दोन सहा आणि एक एक. म्हणाली, ‘पौबारा!’ पौ म्हणजे एक, आणि वर बारा. आता गंमत बघा. हिंदीत ‘पौ बारह होना’ म्हणजे नशीब फळफळणं. आणि मराठीत? ‘चोरांनी पोबारा केला.’ म्हणजे पळाले! दान एकच. हिंदीने त्यातलं नशीब उचललं, मराठीने सोंगटीची धूम. पेपरात आपण हा शब्द शंभरदा वाचतो, पण तो फाशांवरून आलाय हे मला माहीत नव्हतं. ‘डाव साधला’, ‘फासे उलटे पडले’, ‘मनासारखं दान पडलं’, हे सगळं पटावरचंच. आपण पट गुंडाळून ठेवला, पण बोलणं तसंच ठेवलं.

आता त्या शब्दाकडे येते. आमच्या घरात बाबा आणि काका दोन वर्षं बोलत नव्हते. बांधावरून वाद झाला. भिंत एक, चुली दोन. तेव्हापासून आजी अधूनमधून म्हणायची, ‘माझं जुग फुटलं गं.’ मला वाटायचं, जुग म्हणजे युग. आजीला म्हणायचंय, तो काळ गेला. मी पण मान हलवायचे, हो आजी, जमाना बदलला.

त्या रात्री माझ्या दोन सोंगट्या एका घरात आल्या. मी त्यातली एक पुढे ढकलणार, तेवढ्यात आजीने माझा हात धरला. ‘जुग फोडू नको पोरी. जोडीला कोणी मारत नाही. एकटी ठेवलीस की गेली.’

मी तशीच बसले. जुग म्हणजे एका घरातल्या दोन सोंगट्या! बॅकगॅमनमध्येही हाच नियम. दोघी एकत्र असल्या की सुरक्षित, एकटी असली की डाग. म्हणजे आजी दोन वर्षं जमान्याबद्दल बोलतच नव्हती. ती तिच्या दोन मुलांबद्दल बोलत होती. आणि मी मान हलवत होते.

मग आजी म्हणाली, ‘तिघांत डाव रंगत नाही. जा, काकाला बोलव. सांग, आईला चौथा भिडू पाहिजे.’

काका आले. सारीपाटात समोरासमोर बसलेले एका बाजूचे असतात. आजीने बाबांच्या समोरची जागा रिकामी ठेवली होती. आता ते मुद्दाम की सहज, मी विचारलं नाही.

पहिला अर्धा तास दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मग काका पटाकडे बघत म्हणाले, ‘ती लाल हलवू नकोस, जुग राहू दे.’ बाबा म्हणाले, ‘हं.’

बास. एवढंच झालं. बांधाचा वाद अजून आहे. मिठ्या वगैरे काही नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका न बोलावता आले, येताना टॉर्च घेऊन.

मी सध्या सुट्टीच्या दिवशी सारीपाटाचं एक छोटं ॲप बनवतेय. पहिल्या व्हर्जनमध्ये मी बटणांवर ‘रोल’, ‘किल’, ‘होम’ लिहिलं होतं. आता बदललं. ‘दान टाका’, ‘सोंगटी मारली’, ‘सोंगटी पिकली’. आणि एक सूचना जोडलीय. जोडीतली सोंगटी हलवायला गेलात की ॲप विचारतं, ‘जुग फोडायचं का?’ आजीला दाखवलं. ती म्हणाली, ‘विचारतंय ते बरंय.’

तुमच्या घरी सोंगट्या, कवड्या, पत्ते, गोट्या खेळताना कुठले शब्द वापरतात? पुढच्या वेळी गावी गेलात की आजी-आजोबांसोबत एक डाव खेळा, आणि ते काय बोलतात ते फोनवर रेकॉर्ड करा. मला व्हॉइस नोट पाठवा. पुढचा एपिसोड तुमच्या शब्दांचा करू.

चला, भेटू पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत मी पोबारा करते!