जबड्याचा सांधा आणि छायाचित्राची साक्ष

घास चावताना कानाजवळ कटकट आवाज होतो, जांभई देताना जबडा अडकतो, कानात ठणका लागतो. रोगी प्रथम कानाच्या डॉक्टरांकडे जातो, नंतर दाढेवर संशय घेतो. प्रसंगी निरोगी दाढही काढून घेतो. दुखणे मात्र तसेच राहते, कारण त्याचे मूळ कानाच्या अगदी पुढे असलेल्या जबड्याच्या सांध्यात असते.

या सांध्यात खालच्या जबड्याचे गोलसर टोक कानशिलाच्या हाडाच्या खोबणीत बसते. दोहोंमध्ये एक चिवट चकती असते. तोंड उघडताना हे टोक प्रथम फिरते आणि मग चकतीसह पुढे सरकते. चकती जागची ढळली, की आवाज होतो किंवा जबडा अडकतो.

१८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला आणि दंतवैद्यांना हाडांच्या आत डोकावता आले. फिनलंडमधील पाटेरो यांच्या संशोधनातून दोन्ही जबडे व दोन्ही सांधे एकाच चित्रात दाखविणारी पद्धती विकसित झाली. आज ती ओपीजी या नावाने परिचित आहे. हाडाची झीज, मोडलेले टोक वा दोन्ही बाजूंतील असमानता तीत दिसू शकते. मात्र बारीक बदल निसटतात. हाडाचे सूक्ष्म रूप पाहण्यास सीबीसीटी उपयोगी पडते. चकती मात्र या दोहोंतही दिसत नाही. तिच्यासाठी एमआरआय लागतो.

येथेच सावधगिरी हवी. कोणतीही तक्रार नसलेल्या माणसांची एमआरआय तपासणी केली, तेव्हा त्यांतील सुमारे एक तृतीयांश जणांची चकती सरकलेली आढळली. म्हणजे चित्रातील प्रत्येक दोष हा रोग नव्हे. उलट, पुष्कळ रोग्यांचे दुखणे चावण्याच्या स्नायूंत असते. त्यांचे चित्र निर्दोष निघते, तरी वेदना खरीच असते.

म्हणून जाणता दंतवैद्य प्रथम रोग्याची हकीकत ऐकतो, सांधा व स्नायू बोटांनी चाचपतो, तोंड किती उघडते ते मोजतो. जबडा अडकणे, मार लागणे, चेहरा वाकडा होत जाणे, अशी कारणे असली तरच तो योग्य ते चित्र काढावयास सांगतो. बहुतेकांना मऊ आहार, शेक, जबड्याला विश्रांती आणि सोपे व्यायाम यांनी आराम पडतो. छायाचित्र हा साक्षीदार आहे. निवाडा मात्र रोग्याला तपासूनच द्यावयाचा असतो.