कॉलेज बंद करू नका
(जोतिबा येथील महिला मेळाव्यातील भाषण)



आज रविवार, देवाचा वार. दुकानं, गिऱ्हाईक सोडून आलात, म्हणून कामाचंच बोलते.

याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहं उभारली. राहायला जागा नसेल तर शिकणार कसं, हे त्यांनी ओळखलं. आज मुलींसाठी सवलती आहेत. २०२३ पासून एसटीत निम्मं तिकीट आहे. २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली.

तरी शिक्षण मधेच का सुटतं? आवारात कुणी त्रास दिला तर मुलगी घरी सांगत नाही. कॉलेजच बंद करतील, ही भीती. म्हणजे गुन्हा त्याचा, घरी बसायचं हिनं!

२०१३ च्या कायद्यानं आणि २०१५ च्या यूजीसी नियमांनी प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती सक्तीची आहे. अध्यक्ष स्त्रीच हवी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया हव्यात, बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती हवी. प्रकार घडल्यापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची. चौकशी नव्वद दिवसांत संपली पाहिजे.

मुलींनो, समितीची नावं फलकावर आहेत का, पाहा. नसतील तर सगळ्या मिळून प्राचार्यांकडे मागा. आणि आयांनो, मुलगी बोलली तर तिला घरी बसवू नका. अर्ज द्यायला तिच्यासोबत जा, आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.