हातावरची फुली

वरातीत वाजायला लागलं की आपल्या पोटात गोळा येतो. आता पोरं प्यायला लागणार! गाणं आलं की दारू आलीच, असं आपण धरूनच चालतो. आज आम्ही वेगळ्या पोरांची गोष्ट सांगणार आहोत.

गाव अमेरिकेतलं वॉशिंग्टन, साल १९८०. इयन मकाय आणि जेफ नेल्सन या तरुण मित्रांचा एक बँड मोडला. कार्यक्रमांची कमाई त्यांनी एकत्र साठवली होती. आपल्या बचत गटासारखीच! ती वाटून न घेता त्यांनी स्वतःची रेकॉर्ड काढली. तिची पाकिटं हातांनी दुमडून चिकटवली. 'डिस्कॉर्ड' ही त्यांची कंपनी अशी सुरू झाली.

मग दोघांनी नवा बँड काढला, 'मायनर थ्रेट'. संगीत पंक, म्हणजे जलद आणि कर्कश. तिथं दारू मिळणाऱ्या ठिकाणी गाणी व्हायची. लहान वयाच्या पोरांना दारू देऊ नये म्हणून त्यांच्या हातावर काळी फुली मारत. पोरांनी तीच फुली अभिमानानं मिरवली. 'स्ट्रेट एज' हे त्यांचं गाणं एका मिनिटाचंही नाही, पण त्यावरून नशा न करणाऱ्या तरुणांची चळवळच उभी राहिली. मकाय मात्र म्हणत राहिला, हा नियम नाही, ज्याचं त्यानं ठरवावं.

१९८३ मध्ये बँड थांबला. फुली राहिली.

मैत्रिणींनो, 'पिऊ नको' म्हणणारी आई घरोघरी आहे. 'मी पीत नाही' म्हणणारा एक मित्र पोरांच्या घोळक्यात हवा. पुढच्या बैठकीला पोरांनाही बोलवू या.