कला शाखेतून समाजकार्याकडे
(वार्षिक सभेस उपस्थित असलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उद्देशून रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमाखर्चाचा मेळ बसला की आपले कर्तव्य संपले, अशी माझी अनेक वर्षे समजूत होती. एका पावसाळ्यात ती ढासळली. मोवाडच्या एक वृद्ध आजी उपचारासाठी दाखल होत्या. सायंकाळी पाऊस सुरू झाला की त्या घरी जाण्याचा हट्ट धरीत. 'रुग्ण सहकार्य करीत नाही' अशी नोंद झाली आणि मी त्यांचे अंतिम बिल तयार करण्यास सांगितले.

त्या वेळी आमच्या वैद्यकीय समाजसेविकेने माझ्याकडून एक तास मागून घेतला. इतिहास विषय घेऊन बी.ए. झाल्यावर तिने एम.एस.डब्ल्यू. केले होते. 1991 च्या जुलै महिन्यात वर्धा नदीच्या पुराने मोवाड उद्ध्वस्त झाले, हे आपल्या तालुक्यात सर्वांनाच ठाऊक आहे. मलाही होते. परंतु तळमजल्यावरील त्या खाटेशी त्या पुराचा संबंध तिने जोडला, मी नाही. खाट वरच्या मजल्यावर हलविली आणि आजींनी उपचार पूर्ण केले.

'बी.ए. करून काय होणार?' असा प्रश्न पालक मला विचारतात. समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाचे दार कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुले आहे. तथापि कला शाखेचा विद्यार्थी त्याची निम्मी तयारी करूनच येतो. अर्थशास्त्र जाणणाऱ्याला समजते की, संत्रा बागायतदाराच्या हाती पैसा बहारानुसार येतो, महिन्याच्या पगारासारखा नव्हे. म्हणून बिलाचे हप्तेही बहार पाहून ठरवावे लागतात. मानसशास्त्र रुग्णाच्या भीतीचे कारण शोधावयास शिकविते, तर साहित्य दुसऱ्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकावयास शिकविते. मात्र केवळ पदवी पुरेशी नाही. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत वस्तीत, रुग्णालयात प्रत्यक्ष क्षेत्रकार्य करावे लागते. वाचलेले तेथे कसास लागते.

ही परंपरा आपल्या महाराष्ट्राची आहे. 1936 मध्ये मुंबईत समाजकार्याचे देशातील पहिले पदव्युत्तर विद्यालय सुरू झाले. तेच आजचे टाटा सामाजिक विज्ञान संस्थान. 1946 मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. नागपुरात कमलाताई होस्पेट यांनी 1921 मध्ये मातृसेवा संघ स्थापिला. पुढे त्याच संघाने समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्थाही उभी केली. नरखेडहून नागपूर काही दूर नाही.

धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन व 10 टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखाव्या लागतात, तसेच बिलाच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. हिशेब मी ठेवीन. परंतु संकोचाने दाराशीच थांबलेल्या गरजवंताला ओळखणारी व्यक्ती हवी.

देणगीदारांना नम्र विनंती, यंत्रासाठी जसा हात सढळ ठेवता, तसाच या तालुक्यातील एखाद्या मुलीच्या एम.एस.डब्ल्यू.च्या शिक्षणासाठीही ठेवावा. त्या आजींचे बिल मी त्या दिवशी फाडले नसते, तर आमचा हिशेब बिनचूक राहिला असता आणि रुग्ण मात्र उपचाराविना परतला असता.