चांदनीतला मदरबोर्ड
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मंगल प्रसंगी मोडक्या यंत्राविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु जुने संगणक जमविण्याचा छंद आम्हांस जडला आहे, आणि त्याला कोलकात्याइतके योग्य शहर विरळाच. देशातील पहिला अंकीय संगणक, इंग्लंडहून आणलेला 'एचईसी-२एम', १९५०च्या दशकाच्या मध्यास इथल्याच भारतीय सांख्यिकी संस्थेत बसविला गेला. त्याच संस्थेने जादवपूर विद्यापीठाच्या सहकार्याने घडविलेला 'इसिजू-१' १९६६ साली कार्यान्वित झाला.

काही महिन्यांपूर्वी चांदनी चौकातील एका भंगारवाल्याकडे आम्हांस २८६ जातीचा मदरबोर्ड मिळाला. त्यावरील बॅटरी पाझरून हिरवट क्षार साचला होता आणि तांब्याच्या दोन रेषा कुरतडल्या गेल्या होत्या. व्हिनेगरने क्षार मारला, बोर्ड शुद्ध पाण्याने धुऊन आठवडाभर वाळविला, तुटलेल्या रेषा केसासारख्या तारेने डाख देऊन सांधल्या. बोर्ड जागा झाला!

खरे धन मात्र त्याच्या एका खाचेत बसविलेले होते. ते होते 'जिस्ट' कार्ड. आयआयटी कानपूर येथे १९८०च्या दशकात मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तंत्राचा पाया घातला. पुढे पुण्याच्या सी-डॅकने ते वाढविले. त्या काळी डॉसवर चालणाऱ्या संगणकास रोमन अक्षरेच ठाऊक. हे कार्ड बसविले की मूळ आज्ञावलीस हात न लावता पडद्यावर देवनागरी उमटे.

त्यामागील विचार मोठा सुंदर होता. यंत्राने अक्षराची आकृती न साठविता त्याचा उच्चार साठवावयाचा. 'क' देवनागरीतला असो वा बंगालीतला, संकेत एकच आणि कळफलकावरची कळही तीच. जोडाक्षर घडविण्याचे काम यंत्राचे. १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने या संकेतपद्धतीस मान्यता दिली. घरात मराठी आणि शाळेच्या अंगणात बंगाली बोलत वाढलेल्या आपल्या मुलांना यात नवल वाटणार नाही.

आमचे कार्ड मात्र अद्याप मुके आहे. त्यास चालविणारी आज्ञावली फ्लॉपीवर असे. ती आमच्यापाशी नाही. कार्डावरील ईप्रॉम चिपांतील मजकूर विद्युत्‌भाराच्या रूपाने असतो. तो वर्षानुवर्षे विरत जातो, म्हणून त्याच्या दोन प्रती आम्ही प्रथम करून ठेविल्या. फ्लॉपीची उणीव मात्र आम्हांस अधिक बोचते, कारण घर बदलताना फ्लॉप्यांचा एक डबा आम्हीच रद्दीत दिला होता. गणेशोत्सवाची देवनागरी निमंत्रणेही त्यातच गेली. तेव्हा ती अडगळ वाटली.

म्हणून आपणांस एक विनंती. आपल्या माळ्यावर, पेटीच्या तळाशी जुन्या फ्लॉप्या असतील तर त्या फेकू नका; उन्हापासून व चुंबकापासून दूर ठेवा आणि मंडळात आणून द्या. कोणाच्या कार्यालयात असे कार्ड होते, एवढी आठवण सांगितलीत तरी शोधास दिशा मिळेल.

कार्ड बोलू लागेल त्या दिवशी आपल्या मंडळाचे नाव त्यावर प्रथम देवनागरीत आणि मग बंगालीत उमटवावयाचे, असे आम्ही ठरविले आहे. ते पाहावयास आपण सर्वांनी सहकुटुंब यावे.