वाळूवर सगळ्यांत आधी पोचणाऱ्यांसाठी

मालवणातल्या देवमासे आणि डॉल्फिन यांच्या या परिषदेत संशोधकांइतक्याच खुर्च्या दर्यावर्दींना राखून ठेवायच्या, हा स्वागत समितीचा पहिल्या बैठकीपासूनचा आग्रह. त्यामागे गणपतीपुळ्याची घटना आहे.

नोव्हेंबर 2023 मध्ये तिथे देवमाशाचं एक पिल्लू किनाऱ्याला लागलं. सरकारी यंत्रणा आणि गावकरी, सगळे धावले. पाणी मारून त्याचं अंग ओलं ठेवलं, यंत्रं आणली, सुमारे 40 तासांच्या धडपडीनंतर त्याला पाण्यात लोटता आलं. तरीही ते जगलं नाही. माणसांनी जिवाचं रान केलं होतं, यात शंका नाही; पण अशा वेळी नेमकं काय करायचं, हे आधी शिकलेलं असावं लागतं.

समुद्रात देवमाशाचं वजन पाणी पेलतं. वाळूवर तेच वजन त्याच्या स्वतःच्या फुफ्फुसांवर येतं. कातडीखालचा चरबीचा जाड थर थंड पाण्यात त्याला ऊब देतो आणि उन्हात आतली उष्णता बाहेर पडू देत नाही. त्यामुळे पहिले काही तास फार मोलाचे. त्या वेळी वाळूवर शास्त्रज्ञ नसतो, डॉक्टर नसतो. पहाटे जाळं आवरायला आलेला माणूस असतो. शेपटीला दोर बांधून ओढलं तर मणके आणि स्नायू दुखावतात, डोक्यावरच्या नाकपुडीत पाणी किंवा वाळू जाता कामा नये, प्राणी पोटावर सरळ ठेवायचा, सावली करायची, बघ्यांना लांब ठेवायचं, 1926 या वनविभागाच्या हेल्पलाइनला फोन करायचा. एवढं त्या माणसाला ठाऊक असेल, तर पुढे येणाऱ्या डॉक्टरच्या हाती काही तरी उरतं. एका दिवसाच्या वर्गात हे शिकवता येतं, आणि असे वर्ग इथेही सुरू करावेत, असा समितीचा प्रस्ताव आहे.

न्यूझीलंडमध्ये ते शिकवलं जातं. 1974 मध्ये सुरू झालेली ‘प्रोजेक्ट जोना’ ही संस्था सर्वसामान्यांसाठी एक दिवसाचा वर्ग घेते. सकाळी माहिती, नंतर प्रत्यक्ष पाण्यात सराव. पाणी भरलेली देवमाशाची खऱ्या आकाराची रबरी प्रतिकृती आणतात, तिला उचलायचं, सरळ धरायचं, तरंगवायचं. फेब्रुवारी 2017 मध्ये फेअरवेल स्पिट इथे 400 हून अधिक पायलट व्हेल वाळूवर आले. निम्म्याहून अधिक पहिल्याच रात्री गेले. उरलेल्यांसाठी शेकडो स्वयंसेवक पाण्यात उतरले आणि सोडलेले प्राणी पुन्हा किनाऱ्याकडे वळू नयेत म्हणून हातात हात घालून साखळी करून उभे राहिले.

वर्ग म्हणजे केवळ बचाव नव्हे, नोंदी करायला शिकणंही. कॅनडात 1971 मध्ये संशोधक मायकेल बिग यांना ऑर्का मोजायचे होते. त्यांनी मच्छीमार, दीपगृहांचे रखवालदार, होडीवाले यांना हजारो प्रश्नावल्या पाठवल्या आणि एकाच दिवशी दिसलेले ऑर्का नोंदवायला सांगितले. हजारोंच्या संख्येने असेल असं मानलेला हा प्राणी शेकड्यांतच आहे, हे त्यातून पुढे आलं. सामान्य माणसांच्या नोंदींवर शास्त्र उभं राहतं, याचं याहून बोलकं उदाहरण समितीला तरी सापडलेलं नाही.

या किनाऱ्यावर अशा नोंदींना तोटा नाही. पाठीवर उंचवटा असलेला करडा डॉल्फिन, म्हणजे गादा, सिंधुदुर्गातल्या तांडेलांच्या रोजच्या ओळखीचा. ‘कोकण सिटेशियन रिसर्च टीम’च्या अभ्यासकांनी इथे काम केलं ते मच्छीमारांशी बोलतच. दूरच्या पाण्यात तर मोलाची नोंद कधीही मिळू शकते. अरबी समुद्रातले हंपबॅक देवमासे इतर हंपबॅकसारखे ध्रुवाकडे जात नाहीत, बारा महिने याच समुद्रात राहतात. 1960 च्या दशकात सोव्हिएत बोटींनी त्यांतले 242 बेकायदा मारले; आज ओमानजवळ शंभराहून कमी असल्याचा अंदाज आहे. 2017 मध्ये तिथे उपग्रहयंत्र लावलेली लुबान नावाची मादी समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्यापर्यंत आली होती. अशा एखाद्या हंपबॅकची शेपटी ट्रॉलरवरच्या खलाशाला दिसली आणि त्याने मोबाइलवर तिच्या खालच्या बाजूचा फोटो घेतला, तर त्या एका फोटोवरून जनावर ओळखता येतं.

गाऱ्हाणंही वर्गात यायलाच हवं. गादा जाळं फाडतो, त्यात मच्छीमाराचं खरं नुकसान होतं. जाळं कापून संरक्षित प्राणी सोडला, तर डिसेंबर 2018 पासून राज्य सरकार 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं. त्यासाठी फोटो लागतो, ही बाब प्रत्येक होडीवर पोचली पाहिजे. तसंच ‘व्हेलच्या उलटी’चं. हा पदार्थ स्पर्म व्हेलच्या आतड्यात माकुलांच्या न पचलेल्या चोचींभोवती तयार होतो, आणि त्याचा व्यापार भारतात गुन्हा आहे. कोट्यवधींच्या आशेने किती तरुण पोरं तुरुंगात गेली, हे वर्तमानपत्रांत वाचताना जीव तुटतो.

दुपारी रापणकर आणि पशुवैद्य मिळून वाळूवर प्रात्यक्षिक घेतील. त्याआधी नोंदणीच्या टेबलावर वही ठेवली आहे. प्रत्येक गावाने पहिल्या वर्गासाठी दोन नावं द्यावीत, त्यांत एक नाव मासळी विकणाऱ्या किंवा सुकवणाऱ्या बाईचं असावं, अशी समितीची विनंती आहे. वर्ग मराठीत आणि मालवणीत होतील, मासेमारीबंदीच्या काळात होतील, शुल्क नसेल.