आठ किलोमीटर राहिले होते
(मंडळाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला मॅरेथॉनबद्दल बोलायला बोलावलं. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. आधीच कबूल करतो, आम्ही चौघे धावायला गेलो आणि चौघांपैकी एकानेही शर्यत पूर्ण केली नाही. पण त्या दिवशी जे शिकलो ते तुमच्यापुढे ठेवलं नाही तर आमचं चुकेल.

आमचा सराव वेंगुर्ला रोडवर. पहाटे पाचला हिंडलगा, तिथून सुळगा, उचगाव आणि परत. आपलं बेळगाव म्हणजे गरिबांचं महाबळेश्वर. डिसेंबर-जानेवारीत धुकं एवढं की पुढचा माणूस दिसत नाही. त्या गारव्यात आम्ही ३२ किलोमीटरपर्यंत मजल मारली आणि वाटलं, झाली तयारी. शर्यत होती फेब्रुवारीत, पूर्वेकडच्या सपाट मुलखात. थंडी असेल असं धरून चाललो. नेमका दोन दिवस आधी पारा चढला. शर्यत सुटायलाही पाऊण तास उशीर झाला. नऊ वाजता डांबर तापलं होतं, वारा पडला होता, आणि पुढे एका ठिकाणी पाण्याचे पिंप रिकामे होते.

आमच्यातले अण्णा वयाने मोठे. तिसाव्या किलोमीटरला ते मागे पडू लागले. आम्ही काय केलं? "चला अण्णा, थोडंच राहिलंय" म्हणत त्यांना ओढलं. एकदा नव्हे, दोनदा. बनियनवर छातीवर 'बेळगाव' लिहिलेलं होतं. माघार घ्यायची कशी, हेच डोक्यात. चौतिसाव्या किलोमीटरला ते रस्त्यावर नागमोडी चालायला लागले. ताई म्हणाल्या, "अण्णा, थांबूया की." अण्णा म्हणाले, "हिंडलगा आला की थांबू."

हिंडलगा तिथून कित्येक कोस लांब होता. तेव्हा आमच्या पोटात गोळा आला.

मंडळी, हे नीट ऐका. अण्णांना घाम येत होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. तीच चूक. धावताना किंवा कष्टाचं काम करताना उष्माघात झाला तर अंग ओलं असूनही तो असू शकतो. खरी खूण म्हणजे माणूस असंबद्ध बोलतो, तोल जातो, चिडतो, ओळखेनासा होतो. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की मेंदूवर परिणाम सुरू होतो, आणि मग मिनिटामिनिटाला किंमत असते.

बाजूला एक रसवंती होती. अण्णांना तिथल्या छपराखाली आडवं केलं, अंगावर पाणी ओतलं, मालकाने उसाच्या रसासाठी ठेवलेला सगळा बर्फ दिला. तो काखेत, मानेला, जांघेत लावला आणि टॉवेलने वारा घालत राहिलो. रुग्णवाहिका यायला वेळ लागला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आधी गार केलंत म्हणून निभावलं. आधी गार करायचं आणि मग हलवायचं, हा क्रम लक्षात ठेवा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. तापाची गोळी इथे उपयोगी नाही.

परतताना गाडीत कुणी बोलत नव्हतं. मग अण्णांनीच फडेप्पा दरेप्पा चौगुल्यांचा विषय काढला. आपल्या बेळगावचे चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले, २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. हवा होती थंड, पावसाळी. त्याच शर्यतीत आपले सदाशिव दातारही होते, त्यांना ती पूर्ण करता आली नाही. एकाचं नाव आपण घेतो, दुसऱ्याचं विसरतो. पण सुटण्याच्या रेषेवर दोघेही उभे होते.

त्याआधी आठ वर्षं, १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनच्या दिवशी असंच अचानक ऊन पडलं. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. जपानचा शिझो कानाकुरी उन्हाने बेजार होऊन वाटेतच थांबला. १९६७ साली त्याला पुन्हा स्टॉकहोमला बोलावलं, तेव्हा म्हातारपणी त्याने ती रेषा ओलांडली. जो थांबला, त्याला पन्नासहून अधिक वर्षांनी का होईना, परत जाता आलं.

आता आमचे नियम ठरले आहेत. गरम गावी धावायचं तर अंगाला उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तेवढे दिवस दुपारी थोडं थोडं धावायचं. ऊन वाढलं की वेळेचा हिशोब सोडून वेग कमी करायचा. नुसतं पाणीच पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं, तेही घातक. म्हणून तहानेपुरतं प्यायचं, सोबत लिंबू-मीठ-साखर किंवा मीठ घातलेलं ताक. आणि सर्वांत मोठा नियम म्हणजे, चौघांपैकी एकाने "थांबूया" म्हटलं की चौघांनी थांबायचं. वाद नाही.

हे फक्त धावणाऱ्यांसाठी नाही. परवा विसर्जन आहे. आपल्याकडची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. ढोल वाजवणारी, लेझीम खेळणारी पोरं तासन्‌तास दमट हवेत घामाघूम होतात. त्यांच्यातला एखादा भलतंच बोलायला लागला, तर "वाजव रे" म्हणून हसू नका. त्याला बाजूला घ्या, पाणी ओता, वारा घाला.

अण्णा आज पुढच्याच रांगेत बसले आहेत. यंदा ते पुन्हा धावणार आहेत. फक्त २१ किलोमीटर, तेही त्यांच्या सूनबाईंनी परवानगी दिल्यावर.

गणपती बाप्पा मोरया!